पिशवी संपल्यानंतर

प्रत्यारोपणाच्या दिवशी खोलीत लसणाचा वास येतो. रुग्णाच्या स्वतःच्याच मूळपेशी आधी काढून गोठवून ठेवलेल्या असल्या तर हमखास येतो. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून आलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि छातीवरच्या नळीतून सलाइनसारखी सोडतात. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून पिशवीत डीएमएसओ नावाचं रसायन असतं. ते पुढचा दिवस-दीड दिवस श्वासावाटे बाहेर पडत राहतं. रुग्णाच्या घशाशी एक विचित्र चव येते, मळमळतं. म्हणून सिस्टर आधीच लिमलेटची गोळी तोंडात ठेवायला देतात.

गावाहून आलेले नातेवाईक त्या सकाळी ऑपरेशन थिएटर कुठे आहे ते विचारत असतात. प्रत्यारोपण म्हटलं की डोळ्यांसमोर किडनी येते, टाके येतात, दाराबाहेरचा लाल दिवा येतो. इथे घेणाऱ्याला ना भूल, ना टाका. दाता भाऊ किंवा बहीण असेल आणि कमरेच्या हाडातून मज्जा काढायची असेल, तर भूल त्याला द्यावी लागते. घेणारा खाटेवर टीव्ही बघत पडलेला असतो. पिशवी रिकामी होते, सिस्टर वेळ लिहितात, आणि 'झालं?' असा प्रश्न येतो. झालं. म्हणजे, सुरू झालं.

वॉर्डाच्या भाषेत हा 'डे झिरो'. त्याआधीचे दिवस उणे आकड्यांचे. त्या दिवसांत बुसल्फान, सायक्लोफॉस्फमाइड, मेल्फलान, फ्लुडाराबिन यांतली औषधं, कधी सर्वांगावर किरण, असं करून जुनी मज्जा मोडून काढलेली असते. कोणाला करायचं, कोणाच्या पेशी घ्यायच्या, कोणती औषधं किती द्यायची, हे मोठे निर्णय डॉक्टरांनी तोवर घेतलेले असतात. पुढे काय बिघडेल याची यादीही सगळ्यांना पाठ असते. यादीतलं कोणतं, कधी, कोणाच्या अंगात सुरू झालं, हे मात्र दर चार तासांनी कोणीतरी खाटेशी जाऊन बघावं लागतं. प्रत्यारोपणावर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात पेशी असतात, डॉक्टर असतात, दात्याचा त्याग असतो, खर्चाचा आकडा असतो. वजनकाटा, मोजपट्टी आणि शौचाचं मोजपात्र घेऊन उभी असलेली सिस्टर नसते. माझ्या मते या उपचाराचा निम्मा जीव तिथे आहे.

इतिहासाकडे बघितलं तरी तेच दिसतं. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा शिरेतून दिल्याचं प्रसिद्ध केलं. ती देता येते एवढं सिद्ध झालं, पण सहांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. पिशवी चढवणं तेव्हाही अवघड नव्हतं. पिशवी संपल्यानंतर माणूस टिकवणं जमायला पुढची दोन दशकं गेली. त्यात ऊतींची जुळणी आली, नवी प्रतिजैविकं आली, प्लेटलेट देण्याची सोय झाली आणि सिएटलला फक्त हेच काम करणारे वॉर्ड उभे राहिले. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. त्यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा रुग्णालयात भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, रक्ताचा कर्करोग झालेली, आणि दाता तिचा भाऊ. लहानपणी पोलिओ झाल्याने अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून वॉर्डात फिरत. आज टाटाचं हे काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं. पुण्या-नागपुरातही केंद्रं आहेत, आणि बोरिवलीला मुंबई महापालिकेचं थॅलेसेमियाच्या मुलांसाठीचं केंद्र आहे.

डे झिरोनंतरचे तीन-चार दिवस फसवे असतात. माणूस बरा दिसतो, फोनवर बोलतो, घरच्यांना वाटतं सुटलो. मग काउंट पडतात. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात आणि त्याच सुमारास तोंड येतं.

'तोंड येणं' हे आपल्याकडे उष्णतेचं लक्षण. दोन दिवस गुलकंद खाल्ला की जातं. इथलं तोंड वेगळं. ओठांच्या आतून घशापर्यंत, आणि पुढे आतड्यापर्यंत, आतलं अस्तर सोलवटून निघतं. लाळ गिळता येत नाही, ती उशीवर गळते. सिस्टर टॉर्च घेऊन दर पाळीला तोंड बघतात. गालांच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा आहे की मेलेल्या त्वचेचा, हे पाहावं लागतं. श्रेणी लिहावी लागते. घन अन्न जातं का, फक्त पातळ जातं का, की काहीच जात नाही. ब्रश मऊ, आणि प्लेटलेट फार खाली असतील तर तोही बंद करून फोमचा बोळा. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा. रुग्ण नको म्हणतो, चिडतो, तोंड फिरवतो. सिस्टर अर्ध्या तासाने पुन्हा येतात.

यातला एक उपाय इतका साधा आहे की त्याचं कौतुक होत नाही. मेल्फलान शिरेतून चालू असताना, त्याच्या थोडं आधीपासून थोड्या नंतरपर्यंत, रुग्णाने तोंडात बर्फ चघळत राहायचं. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, आणि मेल्फलान रक्तातून लवकर ओसरत असल्याने तेवढा वेळ निभावला की पुढचे जखमांचे दिवस बरेच सौम्य जातात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये याची शिफारस आहे. खर्च बर्फाचा. पण दात शिवशिवतात, डोकं दुखतं, आणि माणूस पाच मिनिटांत कप बाजूला ठेवतो. तो कप पुन्हा हातात देणारं कोणी खाटेशी असेल तरच हा उपाय चालतो.

दुखणं फार वाढलं की मॉर्फीन. इथे एक निराळीच लढाई असते. 'सवय लागेल' ही भीती घरच्यांच्या मनात असते, कधी कधी डॉक्टरांच्याही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने आपल्याकडे मॉर्फीन मिळणंच इतकं अवघड केलं होतं की दुखणं सोसायचं असतं असाच समज रुळला. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. समज मागे राहिला आहे. दुखणं दहापैकी किती, हे विचारून लिहिणं आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांच्या मागे लागणं हे सिस्टरांचं काम. आपली माणसं विचारल्यावर 'ठीक आहे' म्हणतात, म्हणून चेहरा बघूनही लिहावं लागतं.

ताप आला की घड्याळ सुरू होतं. पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे आणीबाणी. पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू करायलाही पेशी लागतात. बऱ्याचदा ताप हे एकच लक्षण असतं, आणि स्टिरॉइड चालू असेल तर तेही दबून जातं. रक्ताचे कल्चर घ्यायचे आणि एका तासाच्या आत पहिलं प्रतिजैविक शिरेत गेलेलं असायचं, हा नियम. रात्री तीन वाजता हा तास कसा जातो ते बघण्यासारखं असतं. डॉक्टरांना फोन, नळीच्या प्रत्येक तोंडातून वेगळा नमुना, औषध फार्मसीतून येणं, विरघळवणं, लावणं. यात एक जण शेजारच्या खोलीत प्लेटलेट लावण्यात अडकलेली असेल तर तास सहज उलटतो.

जंतू येतात कुठून? बरेचसे रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून आणि कातडीवरून. काही त्या नळीवाटे. छातीवरून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली ही नळी म्हणजे वॉर्डातली 'लाइन'. औषध, रक्त, पोषण, नमुने, सगळं तिच्यातून. तिला हात लावायच्या आधी तोंडाशी असलेलं प्लास्टिकचं बूच अल्कोहोलने पंधरा सेकंद घासायचं. पंधरा सेकंद म्हणजे काय ते घरी नळाच्या तोटीवर करून बघावं. मधेच थांबावंसं वाटतं. दिवसभरात ती लाइन कितीदा उघडावी लागते याला गणतीच नसते, आणि दर वेळी तेवढंच घासायचं. आरपार दिसणारी पट्टी सात दिवसांनी बदलायची, कडा सुटली की लगेच. घाम येणाऱ्या आपल्या हवेत कडा सुटतेच. जंतू गाळणाऱ्या हेपा फिल्टरच्या खोल्या, दार उघडलं तरी बाहेरची हवा आत येऊ न देणारा दाब, हे सगळं बांधकामात होतं आणि उद्घाटनाच्या फोटोत येतं. पंधरा सेकंद फोटोत येत नाहीत.

हेपा फिल्टर बिनमहत्त्वाचा, असं मात्र नाही. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण बांधकामाच्या धुळीतून उडतात आणि अशा रुग्णाच्या फुप्फुसात रुजले तर जीव घेऊ शकतात. मुंबई, पनवेल, खारघर हा सगळा पट्टा वर्षानुवर्षं खणलेला. म्हणून खोलीत फुलं नाहीत, कुंडी नाही. गजरा माळून आलेल्या मावशींना तो बाहेर काढून ठेवावा लागतो. अंगारा, तीर्थ, मनगटाचा दोरा, गळ्यातला ताईत या सगळ्यांचा प्रश्न येतो आणि तो डॉक्टरांपर्यंत जात नाही, सिस्टरांपाशीच सुटतो. दोरा कापा म्हटलं की आईचा चेहरा पडतो. जाणत्या सिस्टर तो प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करून उशाशी भिंतीला चिकटवायला सांगतात. जेवणाचंही तसंच. कोशिंबीर नको, कापून ठेवलेली फळं नकोत, बाहेरची चटणी नको. पूर्वी बंधनं याहून फार कडक होती. अतिकडक आहाराने संसर्ग कमी होतो असं पुढच्या अभ्यासांत काही दिसलं नाही. आता भर ताज्या, नीट शिजवलेल्या अन्नावर आणि हात धुण्यावर असतो. प्रेशर कुकरमधला गरम वरणभात या परीक्षेत उत्तम पास होतो.

आता वजनकाटा. रोज सकाळी, शक्यतो त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. काही ठिकाणी संध्याकाळीही. पोटाचा घेर बेंबीच्या पातळीवर, आणि मोजपट्टी रोज वेगळ्या जागी पडू नये म्हणून कातडीवर पेनाने खूण. हा खटाटोप यकृतासाठी. जोरकस औषधांनी यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजून वाट बुजते. शरीर पाणी धरायला लागतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, डोळे पिवळे होतात. वॉर्डात याला व्हीओडी म्हणतात. बिलिरुबिन वाढल्याचा रिपोर्ट येण्याआधी अनेकदा काटा बोलतो. माणूस काही खात नाही, उलट्या होताहेत, आणि वजन दोन किलोंनी वाढलंय. नव्या मुलीला वाटतं काट्यात चूक आहे. जुनी सिस्टर पाय दाबून बघते, काल दिवसभरात आत किती गेलं आणि लघवी किती झाली याची बेरीज करते, चढवलेली प्लेटलेट अंगी लागत नाहीत हे आठवते आणि फोन उचलते. डिफायब्रोटाइड हे औषध आहे, अतोनात महाग, आणि लवकर दिलं तर जास्त उपयोगी. लवकर म्हणजे त्या सकाळी.

पेशी दुसऱ्याच्या असतील तर आणखी एक संकट. पांढऱ्या पेशी उठतात, सलग तीन दिवस न्यूट्रोफिल पाचशेच्या वर राहतात, वॉर्डात आनंद होतो. पण उठल्या त्या दात्याच्या, आणि त्यांना हे शरीर परकं. त्या उलटल्या की जीव्हीएचडी. सुरुवात तळहात, तळपाय, कानांच्या मागे. लाल पुरळ, खाज, उन्हात करपल्यासारखी आग. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. बरेचसे पाश्चात्त्य चित्रसंग्रह गोऱ्या कातडीचे असल्याने आपल्याकडच्या सिस्टर हात फिरवून, गरम लागतंय का, खरखरीत झालंय का ते बघून ओळखायला शिकतात. अंगाचा किती टक्के भाग, ते भाजलेल्या रुग्णासारखंच नऊ-नऊच्या हिशेबाने मांडायचं.

आतड्याचा जीव्हीएचडी मोजपात्रात दिसतो. हिरवट, पाण्यासारखे जुलाब. प्रौढ माणसात दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर गेले की पहिली पायरी, १००० ला दुसरी, १५०० च्या पुढे तिसरी. स्टिरॉइड किती, दुसरं औषध कधी, हे या आकड्यावर हलतं. म्हणजे प्रत्येक वेळी लघवी वेगळी, शौच वेगळं, मोजून, रंग बघून, रक्त आहे का ते लिहून. 'बऱ्याचदा झालं' ही नोंद चालत नाही. आपल्या समाजात या कामाला कोणत्या नजरेने बघतात ते सांगायला नको. रुग्ण, विशेषतः वयस्क पुरुष, मुलीच्या वयाच्या सिस्टरसमोर संकोचाने अर्धमेले होतात, कधी गुपचूप फ्लश करून टाकतात, आणि त्या दिवसाचा आकडा खोटा ठरतो. ब्रदर ड्युटीवर असले तर बरं पडतं, नेहमी नसतात. मग सिस्टर उगाच क्रिकेटचा स्कोर विचारत, दुसरीकडे बघत, भांडं उचलून नेतात.

एक बारीक गोष्ट सांगतो, बाहेरच्यांना ती माहीत नसते. जीव्हीएचडी होऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिन देतात. रक्तातली त्याची पातळी कमी पडली तर जीव्हीएचडी, जास्त झाली तर किडनी जाते, रक्तदाब चढतो, कधी फेफरं. पातळी बघायचं रक्त पुढचा डोस देण्याआधी घ्यायचं, आणि ज्या तोंडातून हे औषध जातं त्या तोंडातून कधीही घ्यायचं नाही. औषध नळीच्या प्लास्टिकला चिकटून राहतं. तिथून घेतलेल्या रक्तात पातळी खोटीच चढलेली दिसते, डॉक्टर विश्वासाने डोस कमी करतात, आणि आठवड्याने अंगावर पुरळ उठतं. म्हणून लाइनच्या एका तोंडाला रंगीत टेप लावलेली असते. हा सगळा बचाव त्या टेपवर आणि रात्रपाळीच्या लक्षात राहण्यावर उभा आहे. पण दर काही महिन्यांनी सिस्टरांची वॉर्डांतून अदलाबदल करण्याची रीत अनेक रुग्णालयांत आहे. टेप कशासाठी हे कळायला लागतं तेव्हा मुलीची बदली अस्थिरोगाला झालेली असते. ज्या टिकतात, शिकतात, त्यांना आखात, आयर्लंड, इंग्लंड बोलावतं, आणि त्या गेल्या तर त्यांना दोष देता येत नाही. कॅन्सर नर्सिंगची पदविका आपल्याकडे आहे. ती घेतल्यावर पगारपत्रकात फरक पडतोच असं नाही. रुग्णालयं किती प्रत्यारोपणं केली याची जाहिरात करतात. दर हजार 'लाइन-दिवसां'मागे किती रक्तसंसर्ग झाले, हा आकडा जगभर मोजला जातो. आपण नातेवाईक म्हणून तो कधी विचारतो?

रुग्ण खोलीबाहेर पडतो तेव्हा जोखमीच्या पहिल्या शंभर दिवसांतले बरेच बाकी असतात, आणि आता सिस्टरचं काम घरच्यांकडे येतं. साताऱ्याच्या किंवा यवतमाळच्या माणसाला गावी जाता येत नाही. रुग्णालयाजवळ, तासाभरात पोचता येईल अशा जागी राहायचं. टाटाचे रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत वर्षानुवर्षं राहत आले आहेत. खारघरला लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. बाकीचे भाड्याने खोली शोधतात. थॅलेसेमियाच्या मुलांना कोल इंडियाच्या बालसेवा योजनेतून प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. भाडं, कुकर, गॅस आणि बुडालेली मजुरी यांचं बघावं लागतं ज्याचं त्याला.

सुट्टीच्या आधी शिकवणी होते. दहावी नापास आईला टॅक्रोलिमस, ॲसायक्लोव्हिर, फ्लुकोनाझोल यांच्या वेळा पाठ करायला लावतात. गोळ्यांचे रंग आणि डब्यांवर सूर्य-चंद्राची चित्रं काढून सिस्टर शिकवतात. टॅक्रोलिमस ही सायक्लोस्पोरिनसारखंच काम करणारी गोळी; तपासणीच्या दिवशी सकाळची घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची. ताप आला तर क्रोसिन देऊन बघत बसायचं नाही, आधी फोन. हे शेवटचं दहादा सांगतात, कारण क्रोसिनने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत, आणि घरचे सकाळपर्यंत थांबतात.

पुढे महिन्यांनी जुनाट जीव्हीएचडी येऊ शकतो. डोळे कोरडे, तोंड कोरडं, कातडी चामड्यासारखी घट्ट, सांधे पुरते वळत नाहीत. डोळ्यांचं रुग्ण सांगतात. योनिमार्ग आकसतो, जखमा होतात, याबद्दल बायका स्वतःहून अवाक्षर काढत नाहीत, आणि पुरुष डॉक्टरांच्या ओपीडीत, नवरा शेजारी बसलेला असताना, तो प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वेळेत कळलं तर मलम आणि साध्या उपायांनी पुष्कळ वाचतं. नवऱ्याला केसपेपर आणायला बाहेर पाठवून पडद्याआड हे विचारणारी सिस्टर ज्या ओपीडीत आहे तिथल्या बायका नशीबवान. पाळी कायमची गेली, मूल होणार नाही, हे कागदावर सही करताना सांगितलेलं असतं. ते समजतं मात्र वर्षभराने, आणि तेव्हा रडायलाही त्या याच सिस्टरकडे येतात.

गावी परतताना हातात जे कार्ड देतात त्यावर दोन ओळी ठळक असतात. पहिली रक्तगटाची. दात्याचा गट वेगळा असेल तर रुग्णाचा गट काही महिन्यांत बदलून दात्याचा होतो. आधार कार्डाच्या पाकिटात जुना 'बी पॉझिटिव्ह'चा कागद आणि अंगात 'ओ', असा प्रकार. दुसरी ओळ, रक्त द्यायची वेळ आली तर ते किरण दिलेलंच द्या. साध्या रक्तातल्या परक्या पांढऱ्या पेशी इथे प्राणघातक उलटू शकतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी असा रुग्ण बहुधा पाहिलेला नसतो आणि किरण देणारं यंत्र जिल्ह्यालाही क्वचितच असतं, म्हणून कार्डाखाली वॉर्डाचा फोन नंबर असतो. लसी पुन्हा पहिल्यापासून. बाळपणीचं सगळं संरक्षण जुन्या मज्जेबरोबर गेलेलं. सहा महिन्यांनी न्यूमोकोकसपासून सुरुवात, मग धनुर्वात, घटसर्प, कावीळ बी. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आधी नाहीतच, त्याही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील तरच. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी तान्ह्या बाळांच्या रांगेत पंचेचाळीस वर्षांचा, मिशा पुन्हा उगवलेला एक माणूस कार्ड घेऊन उभा राहतो, आणि तिथली एएनएम ते उलटसुलट वाचून खालचा नंबर फिरवते.